चष्मेवाल्या पेशी

आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तिला सगळे रंगारीण म्हणायचे. नाव मीच पाडलं होतं, आणि ते असं चिकटलं की नवीन आलेले डॉक्टरसुद्धा शंका आली की "रंगारीणबाईंना दाखवा" म्हणायचे. मी शेजारच्या टेबलावर, रक्तातली साखर आणि क्षार मोजणारी. ती पेशींवाली. बावीस वर्षं आम्ही एकाच थर्मासमधला चहा प्यायलो. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातलं अर्धं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि उरलेलं तिनंच मला सांगितलंय, चार-पाच वेळा तरी, आणि दर वेळी ते तिला नुकतंच कळल्यासारखं.

तिचं काम असं. जांभळ्या झाकणाच्या नळीतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि दुसऱ्या काचेच्या कडेनं एका झटक्यात पुढे ओढायचा. नीट ओढला तर जिभेच्या आकाराचा पातळ पापुद्रा तयार होतो, टोकाशी इतका विरळ की पेशी सुट्या सुट्या दिसतात. मग त्यावर रंग ओतायचा, दोन मिनिटांनी बेताचं पाणी घालायचं, वर तवंगासारखी चकाकी धरली की धुवायचं आणि वाळवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या पाण्याचा आंबटपणा जरा इकडचा तिकडे झाला की अख्खी स्लाइड लालभडक नाहीतर निळसर पडते आणि काही म्हणजे काही ओळखू येत नाही. तिच्या हातची स्लाइड कधी बिघडल्याचं मला आठवत नाही. तांबड्या पेशी फिक्या गुलाबी, आणि पांढऱ्या पेशींच्या पोटातली ती गाठ, म्हणजे केंद्रक, पिकल्या जांभळासारखं गडद. पेशी मोजणारं नवीन मशीन आलं तेव्हा ती म्हणाली होती, "मोजतं चांगलं, पण ओळख देत नाही."

तिच्या स्वतःच्या रक्ताची एक गंमत होती आणि ती आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. शिकत असताना, एकोणिसाव्या वर्षी, वर्गातल्या प्रत्येकीनं आपापल्या रक्ताची स्लाइड रंगवली. शिकवणाऱ्या बाई एकेकीच्या मायक्रोस्कोपमध्ये डोकावत पुढे जात होत्या, त्या हिच्यापाशी आल्या आणि वाकल्या त्या उठेचनात. आपल्या रक्तात जंतूंशी झुंजणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांचं केंद्रक एरवी तीन-चार तुकड्यांचं असतं, माळेतले मणी ओवल्यासारखं. हिच्या पेशीत दोनच तुकडे. गोल, गुबगुबीत, मधे बारीकशी दोरी. नाकावर चिमटून बसवायचे जुन्या काळचे चष्मे असायचे ना, हुबेहूब तसे. एक नाही, जवळजवळ सगळ्याच पेशी चष्मेवाल्या.

बाईंनी तिला समजावलं की घाबरायचं कारण नाही, पेशी काम चोख करतात, दिसायलाच तेवढ्या वेगळ्या. ह्याला पेल्गर-ह्युए असं दोन डॉक्टरांचं जोडनाव आहे आणि हजारोंतून एखाद्यालाच असतं. शेवटी म्हणाल्या, "हे वाटेत कुठे मिळत नाही हं. आई नाहीतर वडील, दोघांपैकी एकाकडून येतं."

ती त्याच संध्याकाळी टोचायची सुई आणि दोन काचपट्ट्या पर्समध्ये घालून घरी आली. घरात तिघी. आई शाळेत शिकवायची. आईची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, कपडे शिवायची. तिनं लग्न केलं नव्हतं. वडील ही अकरा वर्षांची असताना गेले, तेव्हापासून मावशी ह्यांच्याकडेच राहायला आली होती. हिनं जेवणाच्या टेबलाशी आईचं बोट टोचलं, दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये स्लाइड रंगवली आणि पाहिली. आईच्या पेशी चारचौघींसारख्या, तीन-चार मण्यांच्या. म्हणजे चष्मे वडिलांचे.

त्या शोधाचा तिला किती आनंद झाला ते ती नेहमी सांगायची. बाबांचं तिच्याकडे एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ होतं, बाकी काही नाही. चेहरासुद्धा फोटोतलाच आठवायचा. आता त्यांचं काहीतरी रोज अंगात फिरत होतं. पुढे तेहतीस वर्षं, शिकाऊ मुलींची नवी तुकडी आली की ती स्वतःच्या रक्ताची स्लाइड लावायची आणि म्हणायची, "बघा, माझ्या वडिलांनी मला चष्मे दिले, तेही कोट्यवधी."

मावशीचं रक्त मात्र तिनं कधी पाहिलं नव्हतं. मावशी टोचून घ्यायला घाबरायची. ताप आला तरी गोळीवर भागवायची, रक्त तपासायचं म्हटलं की तिला नेमकी कुणाची तरी शिवण पोचवायची असायची. जन्मभर सुईवर पोट भरणारी बाई सुईला घाबरते, ह्यावर त्या घरात भरपूर हसून झालं होतं.

मग मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. सत्तरी उलटलेली, दोन्ही डोळे धूसर. वर्षभर चालढकल करून ती शेवटी ऑपरेशनला तयार झाली. डोळ्यांचा विभाग आमच्याच इमारतीत, दोन मजले वर. गुरुवारची तारीख मिळाली. मंगळवारी सकाळी तिनं रक्त दिलं, हूं की चूं न करता. रंगारीण सोबत होती. मला येऊन म्हणाली, "अगं, हात पुढे केला बघ, जणू बांगड्याच भरायच्यात."

अकराच्या सुमारास मशीननं त्या नमुन्यावर खूण केली: पांढऱ्या पेशी अपरिपक्व दिसताहेत, तपासा. अपरिपक्व पेशी रक्तात उतरल्या म्हणजे बहुतेकदा शरीरात कुठेतरी जोराचा संसर्ग असतो. वरून डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन आला की असं असेल तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल. रंगारीण म्हणाली, दहा मिनिटं द्या, मी स्लाइड बघते.

मी माझ्या टेबलावरून तिला पाहत होते, म्हणजे मुद्दाम नव्हे, ती समोरच असायची. तिनं स्लाइड लावली, तेलाचा थेंब टाकला, भिंग खाली आणलं. डावा हात मोजणीच्या बटणांवर ठेवला, कारण अशा वेळी शंभर पेशी मोजायच्या असतात. बटणाचा टकटक आवाज काही आला नाही.

बऱ्याच वेळानं ती उठली आणि नळीवरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग नवीन थेंब घेऊन दुसरी स्लाइड ओढली, रंगाची दुसरी बाटली उघडली, पाणी नव्यानं केलं. सगळं पुन्हा. ती स्लाइड लावली आणि तशीच बसली. मी जवळ गेले तर तिनं खुर्ची मागे सरकवून मला जागा दिली. मी पेशींतली नव्हे, पण हे मलाही ओळखू आलं. इतकी वर्षं ती मला दाखवतच आली होती. भिंगाखाली एक चष्मा होता. बाजूला सरकवलं, तिथे दुसरा. मग तिसरा.

मी म्हणाले, "चुकून तुझीच स्लाइड लावलीस."

तिनं नाही म्हणून मान हलवली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्या मनात आलं ते वेगळंच होतं. म्हातारपणी कधी कधी हाडातला मगज बिघडतो आणि पेशी अशाच दोन तुकड्यांच्या व्हायला लागतात. वाईट आजार तो, पुढे रक्ताच्या कर्करोगावर जाणारा. मावशीला तोच झाला असावा असं तिला वाटलं. ती दोन्ही स्लाइड घेऊन आमच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेली. पाठोपाठ मीही.

डॉक्टरांनी शांतपणे पाहिलं. मशीनचे आकडे वाचले. हिमोग्लोबिन उत्तम, रक्त गोठवणाऱ्या पेशी भरपूर, तांबड्या पेशी सुरेख. मगज बिघडला असता तर हे सगळं असं राहिलं नसतं, आणि पेशीही थोड्याच बिघडल्या असत्या. इथे तर झाडून सगळ्या तशा. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"जन्मजात आहे, बाई. आजार नाही, संसर्ग नाही. ऑपरेशन खुशाल होऊ दे." मग हसले. "तुमच्या सख्ख्या मावशी ना? म्हणजे तुमच्या आईच्या घराण्यातच आहे म्हणायचं. आणि तुम्ही इतकी वर्षं श्रेय वडिलांना देत होतात."

रंगारीण हसली. आजार नाही ह्या एकाच गोष्टीनं ती हसली. "थँक यू सर" म्हणून बाहेर आली, दाराशी माझा हात दाबला. पॅसेजमधून चार पावलं चालली आणि थांबली. मी तिचा चेहरा पाहिला. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसा तो झाला होता.

कारण आईच्या पेशी तिनं पाहिलेल्या होत्या. एकोणिसाव्या वर्षी आणि त्यानंतर कितीतरी वेळा, आईच्या प्रत्येक आजारपणात. आईकडे नाही ते आईकडून येत नाही.

लॅबमध्ये येऊन ती माझ्या स्टुलावर बसली. म्हणाली, "बाबांनाही असेल आणि मावशीलाही असेल. वेगवेगळं. असू शकतं ना?"

मी म्हटलं, असू शकतं.

आम्ही दोघी आकड्यांवर जगलेल्या बायका. हजारोंत एकाला होणारी गोष्ट एकाच घरात दोन दिशांनी यावी, ही शक्यता किती, हे मला सांगावं लागलं नाही. तिनं रिपोर्ट लिहिला, अक्षर नेहमीसारखंच गोल. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला. मग दुपारी एक वाजता, बावीस वर्षांत पहिल्यांदा, अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेली.

घरी मावशी खिडकीशी शिवणाच्या मशीनवर बसली होती. दिसत नसलं तरी सरळ शिवण तिला हातानं जमायची. आई आत पडली होती. रंगारीणीनं ठरवलं होतं की आडून आडून विचारायचं, आजोळी अजून कुणाला असं काही होतं का वगैरे. पण ती उंबऱ्यातच उभी राहिली. मावशीनं पाय थांबवला, मशीनचा आवाज बंद झाला. मावशी तिच्या दिशेनं, पण जरा बाजूला बघत म्हणाली, "दिसलं का तुला?"

एवढंच. ना रडणं, ना पदर डोळ्याला लावणं. हिला म्हणे आपल्या कानांत वारं घुसल्यासारखं झालं. तिनं विचारलं, "तुला माहीत होतं?"

"तू शिकत होतीस तेव्हा बाईंनी सांगितलेलं घरी येऊन सांगितलंस. दोघांपैकी एकाकडून येतं म्हणालीस. ताईचं बोट टोचलंस, आणि मग दुसरी काच घेऊन माझ्याकडे वळलीस. मी तेव्हाच समजले, हे एक दिवस हिच्याच हातून बाहेर पडणार. माझ्यात आहे की नाही हे थोडंच ठाऊक होतं मला? पण भीती बसली ती बसली."

"मग आज का दिलंस?"

मावशीनं कापडावरून हात फिरवला. "दोरा ओवता येत नाही गं. तुझा चेहराही आता नुसता पांढरा दिसतो. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते."

बाकीचं तिनं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. तेव्हा मावशी एकोणीस वर्षांची होती. ज्याच्याकडे शिवणकाम शिकायला जायची त्या दुकानात कापड पुरवणारा एक माणूस यायचा, त्याला बायको होती हे उशिरा कळलं. आईच्या लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नव्हतं. नेमकी बाबांची बदली झाली. नवीन गावात कुणी ओळखीचं नाही, म्हणून बाबांनीच सुचवलं की मेहुणीला बरोबर न्यायचं. मागे घरच्या सगळ्यांना कळवलं ते मुलगी झाली असं. कुणाला, हे विचारायचं कारणच नव्हतं.

त्या माणसाचं नावही तिनं विचारलं. मावशीनं सांगितलं. मला सांगताना रंगारीण म्हणाली, "नाव ऐकलं आणि काही म्हणजे काही वाटलं नाही. मला आठवत होते ते बाबा. तेहतीस वर्षं मी पोरींना काय सांगत होते गं? बाबांचं माझ्यात काहीच नाही." ह्या एका गोष्टीपाशी ती पुन्हा पुन्हा यायची. जन्म कुणी दिला ह्यापेक्षा, बाबा रक्तातून वजा झाले हे तिला सोसत नव्हतं.

बोलण्याच्या आवाजानं आई उठून दारात आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ताठ कण्याची शाळामास्तरीण. धाकट्या बहिणीचा चेहरा पाहून गुपित फुटलं हे तिला कळलं, पण ते कसं फुटलं हे कळेना, कारण चष्म्यांची भानगड ती केव्हाच विसरली होती. हिनं दोन वाक्यांत सांगितलं. आई भिंतीला धरून हळूहळू खुर्चीत बसली. पन्नास वर्षं दोघींनी शब्द बाहेर पडू दिला नव्हता, कागद दडवून ठेवले होते, नातेवाइकांना चार हात लांब ठेवलं होतं. आणि एका थेंबानं सांगून टाकलं, तेही कुणी विचारलं नसताना.

आई पहिल्यांदा बोलली ती हिच्याशी नाहीच. बहिणीला म्हणाली, "मला न विचारता रक्त दिलंस?"

रंगारीण त्या दोघींकडे बघत राहिली. तिला एकदम वाटलं की ह्या दोन म्हाताऱ्यांना आपण ओळखत नाही. ती पायात चप्पल सरकवून बाहेर पडली आणि संध्याकाळी माझ्या दारात उभी. दोन दिवस माझ्याकडे राहिली. रडली नाही. ताटात वाढलेलं खायची, विचारलं तर उत्तर द्यायची, आणि मधेच हातातलं काम थांबवून स्वतःच्या तळहाताकडे बघत बसायची. बुधवारी कामावर आली. शिकाऊ मुलींपैकी एकीनं हौसेनं विचारलं, मॅडम, आज तुमची चष्मेवाली स्लाइड दाखवणार ना? तिनं पेटीतून स्लाइड काढून दिली आणि म्हणाली, "बघा. हे आनुवंशिक असतं." पुढचं वाक्य बोललीच नाही.

गुरुवारी सकाळी सातला मात्र ती डोळ्यांच्या विभागात हजर होती. आई मावशीला घेऊन आली होती. तिघी बाकावर बसल्या, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. खिडकीवरच्या कारकुनानं संमतीचा कागद पुढे केला. सही करणाऱ्याचं नाव, पत्ता, रुग्णाशी नातं. तिनं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि पेन अडलं. मागे रांग होती. कारकून म्हणाला, "बाई, नातं लिहा, कोण लागता तुम्ही?"

तिच्या तोंडून काही निघण्याआधी मावशी मागून म्हणाली, "भाची आहे."

तिनं भाची लिहिलं. सही केली. पण नंतर ती मला म्हणाली, मंगळवारपासून जे काही झालं त्यात ह्याचा दणका सगळ्यात जास्त होता. ती बाई डोळ्यांनी धड बघू शकत नव्हती, तरी पेन थांबलेलं तिला कळलं, आणि पन्नास वर्षांच्या सवयीनं तिनं उत्तर देऊन टाकलं. एक क्षणही न लावता.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मावशीनं तिच्याकडे इतकं निरखून पाहिलं की हिलाच नजर फिरवावी लागली. मावशी म्हणाली, "केस पांढरे झाले तुझे. मला कुणी सांगितलंच नाही." त्या दिवशी रंगारीण माझ्याकडून आपल्या घरी परतली.

ह्याला आता वर्ष होत आलं. आईला आईच म्हणते, मावशीला मावशी. दुसरं काही तोंडात बसलंच नाही. बाबांचं घड्याळ तिनं दुरुस्तीला दिलं आणि हाताला बांधलं. म्हणाली, रक्तातलं नाही तर नाही, ह्या माणसानं मला सायकल शिकवली होती.

घर मात्र बदललं. इतकी वर्षं कुजबुजही न करणाऱ्या त्या दोघी आता त्या दिवसांबद्दल उघड बोलतात, आणि बोलतात म्हणजे भांडतात. एकीला एक आठवतं, दुसरीला भलतंच. पाऊस होता की नव्हता, दाई उंच होती की बुटकी, नाव कुणी सुचवलं. रंगारीण मधे चहा घेऊन बसते आणि ऐकते. तिच्याच जन्माची गोष्ट, पण ती ऐकताना तिचे डोळे अजूनही परक्याचं ऐकल्यासारखे मोठे होतात.

परवा मी गेले होते तेव्हा भांडण रंगात आलं होतं. मावशीनं बाळाला स्वतःचं दूध पाजून ताईच्या स्वाधीन केलं ते किती दिवसांनी, हा मुद्दा. आई म्हणत होती, सातव्या दिवशी. मावशी म्हणत होती, अकराव्या.

"सात," आई म्हणाली. "मी मोजत होते."

"मी मोजत नव्हते असं वाटतं का तुला?" मावशी म्हणाली.

रंगारीणीनं कप खाली ठेवला आणि दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. जगातल्या कुठल्याही पेशीची मोजणी जिला कधी चुकली नाही, ती हळूच म्हणाली, "मग अकराच धरूया," आणि आईनं मान दुसरीकडे वळवली, पण नाही म्हटलं नाही.